चूक यांची, ‘सॉरी’ म्हणाली ती मुलगी

पत्र (गोषवारा, नाव आणि ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे) :

सांगलीतल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे मिस्टर कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. घरीदारी ‘शांत माणूस’ म्हणून त्यांचं नाव, पण स्टिअरिंग हातात आलं की वेगळेच होतात. मध्यंतरी गल्लीतून शंभर फुटी रोडला लागताना त्यांनी नीट न बघताच गाडी पुढं काढली. उजवीकडून स्कूटीवर एक कॉलेजातली मुलगी येत होती. तिनं कसाबसा ब्रेक मारला. स्कूटीचं लेगगार्ड बंपरला घासलं, सॅक खाली पडली. कुणाला लागलं नाही. पण हे खाली उतरले आणि ओरखड्यावर बोट ठेवून ओरडायला लागले, “डोळे कुठं असतात? हे कोण भरून देणार?” मुलगी थरथरत “सॉरी काका” म्हणाली, सॅक उचलली आणि गेली. ताई तिथंच म्हणाल्या, “अहो, चूक तुमची होती.” त्यावर उत्तर आलं, “मग तिनं सॉरी कशाला म्हटलं?” नंतर दोन दिवस घरात बोलणं बंद. पुढं शेजारणीकडून कळलं, की यांचा नववीतला मुलगा सायकलवरून एका आजोबांच्या आडवा गेला आणि वर त्यांच्यावरच खेकसला. ताई विचारतात : “स्वतःची चूक आहे हे माहीत असताना माणूस उलटा का चिडतो? यांना चूक कबूल करायला कसं लावू? की यांच्या गाडीत बसणंच सोडू? लायसन्स माझ्याकडंही आहे, पण गाडी कधी हातात मिळाली नाही.”

उत्तर :

ताई, “मग तिनं सॉरी कशाला म्हटलं?” या वाक्यापुढं तुम्ही निरुत्तर झालात, असं तुम्ही लिहिलं आहे. मला वाटतं, सगळी गोम त्याच वाक्यात आहे. त्याच्याकडं येतेच, पण त्याआधी तुमच्याच एका शब्दप्रयोगापाशी थोडी अडते.

तुम्ही लिहिता, “स्वतःची चूक आहे हे माहीत असताना.” त्या क्षणी त्यांना ते खरंच माहीत होतं का? आपल्या गाड्यांत चालक उजवीकडं बसतो. समोरची काच आणि दाराची काच यांच्यामध्ये छपराला टेकलेला जो खांब असतो, तो उजव्या बाजूला त्याच्या डोळ्यांच्या अगदी जवळ येतो. नव्या गाड्यांत हे खांब चांगले जाड असतात. गाडी उलटली तर छप्पर दबू नये म्हणून ते तसे केलेले असतात. पण त्या जाडीमागं एक अख्खी स्कूटी सहज लपते. त्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी हळूहळू पुढं सरकत असेल आणि स्कूटीचा वेग तिच्याशी जुळून आला, तर स्कूटी काही क्षण त्या खांबाआडच राहते. चालकानं उजवीकडं मान वळवून बघितलेलं असतं आणि तरी त्याला रस्ता मोकळा दिसलेला असतो. म्हणून “कुठनं आली ही अचानक?” हे दर वेळी थापेबाजीचं बोलणं नसतं. त्याच्यापुरती ती खरोखरच अचानक आलेली असते.

याचा अर्थ चूक त्यांची नव्हती, असा नाही. गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागणाऱ्यानं थांबायचं आणि तिथल्या वाहनांना आधी जाऊ द्यायचं, हा नियमच आहे. दिसत नसेल तर आणखी थांबायचं, सीटवरून पुढं वाकून खांबापलीकडं बघायचं आणि मगच निघायचं. एवढं केलं असतं तर ती मुलगी त्यांना दिसली असती. पण ‘माहीत असून खोटं बोलतात’ आणि ‘दिसलंच नाही, म्हणून आपली चूक असेल असं वाटतच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर भांडण होतं. दुसरीवर बोलता येतं.

आता राग. ब्रेक करकचून लागला तेव्हा तुमच्याही छातीत धस्स झालं असेल. त्यांच्याही झालं. हात कापतात, घसा कोरडा पडतो, कान तापतात. ही भीती. पण चाळिशी-पन्नाशीतल्या आपल्याकडच्या पुरुषाला ‘घाबरलो’ म्हणायची सवय नसते, ‘डोकं फिरलं’ म्हणायची असते. डॉल्फ झिलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात हे नेमकं मांडलं. एका कारणानं अंगात उठलेली खळबळ ओसरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात समोर दुसरं काही आलं की ती सगळी त्याच्या खात्यावर जमा होते. इथं समोर आली ती मुलगी आणि बंपरवरचा ओरखडा.

त्यात भर आपल्या स्वतःबद्दलच्या मताची. ओला स्वेन्सन या स्वीडिश संशोधकांनी १९८१मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं, की इथल्या इतरांच्या तुलनेत तुम्ही गाडी किती चांगली चालवता? त्यांच्या गटातल्या अमेरिकन मुलांपैकी ९३ टक्क्यांनी स्वतःला कौशल्यात वरच्या अर्ध्यात बसवलं. स्वीडिश मुलं जरा नम्र, ६९ टक्के. सांगलीत कुणी विचारलं तर शंभरच्या खाली आकडा यायचा नाही, अशी मला दाट शंका आहे. ‘मी गाडी चांगली चालवतो’ हे माणसानं एकदा मनात पक्कं केलं, की चूक झाल्यावर दोनच वाटा उरतात. एक तर ते मत सैल करायचं, नाही तर दोष दुसऱ्यावर टाकायचा. दुसरी वाट जवळची आहे.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, की मी तुमच्या मिस्टरांची वकिली करते आहे. थांबा.

त्या मुलीच्या जागी काळ्या काचांची, पुढं झेंडा लावलेली स्कॉर्पिओ असती, तर ते उतरले असते का? बोट दाखवून “डोळे कुठं असतात?” म्हणाले असते का? १९६८मध्ये अँथनी डूब आणि अॅलन ग्रोस यांनी कॅलिफोर्नियात एक साधा प्रयोग केला. सिग्नल हिरवा झाला तरी पुढची गाडी मुद्दाम उभी ठेवायची आणि मागचे किती वेळात हॉर्न वाजवतात ते मोजायचं. कधी पुढं चकचकीत महागडी गाडी, कधी जुनी गंजकी. जुन्या गाडीमागं लोकांचा धीर लवकर सुटला, भारीच्या मागं त्यांनी बराच दम धरला. म्हणजे भीती खरी, खळबळ खरी, पण ती कुणावर काढायची याचा हिशेब डोकं व्यवस्थित करत असतं. आपल्याकडं बाईमाणूस, पोरसवदा स्कूटीवाला, हातगाडीवाला किंवा परगावची पासिंग दिसली की आवाज चढतो. तेव्हा ‘त्यांचा स्वतःवर ताबाच राहत नाही’ असं तुमच्या पत्रात जे दोनदा आलंय, ते मला पटलेलं नाही. ताबा राहतो. तो कुणापुढं सोडायचा हे ठरलेलं असतं. त्यांच्याशी कधी निवांत बोलायची वेळ आली, तर स्कॉर्पिओचा प्रश्न त्यांना जरूर विचारा. उत्तराचा आग्रह धरू नका.

आता ते ‘सॉरी’.

एसटीत, लग्नाच्या पंगतीत, देवळाच्या रांगेत आपला पाय कुणाला लागला तर आपण काय करतो? वाकून त्याला हात लावतो आणि तो हात छातीशी किंवा कपाळाला नेतो. समोर पाच वर्षांचं पोर असलं तरी करतो. त्यानंच पाय मध्ये पसरलेला असला तरी करतो. आणि आजवर कुणी म्हटलेलं नाही, “तू नमस्कार केलास ना, म्हणजे चूक तुझीच, आता पैसे काढ.” दोष कुणाचा हा विषयच निघत नाही. लागलं, दिलगिरी झाली, संपलं. म्हणजे माफी मागणं आपल्याला जमत नाही, हे काही खरं नाही. ते आपल्या अंगवळणी पडलेलं आहे.

रस्त्यावर मात्र आपण माफी आणि गुन्ह्याची कबुली एकत्र बांधून टाकली आहे. त्या मुलीनं ‘सॉरी काका’ म्हटलं ते आपण पाय लागल्यावर हात लावतो त्या अर्थानं. तुमच्या मिस्टरांनी ते पंचनाम्यावरची सही म्हणून घेतलं. आणि तिचं सॉरी तसं वापरता येतं हे ज्याला माहीत आहे, तो स्वतः जन्मात कधी सॉरी म्हणेल का? तोही ‘सॉरी’ म्हटलं की खर्च आपल्यावर आला असंच धरून चालणार. “मग तिनं सॉरी कशाला म्हटलं?” या एका प्रश्नात त्यांनी तुम्हाला स्वतःच्या रागाचं कारणच सांगून टाकलंय.

ही भीती अगदीच हवेतली नाही, हेही सांगायला हवं. आपल्या मोटार विमा पॉलिसीत बारीक अक्षरात एक अट असते, की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकानं जबाबदारी कबूल करू नये किंवा भरपाईचं आश्वासन देऊ नये. जमावाची भीती तर इतकी खरी, की १९८८च्या मोटार वाहन कायद्याला तिची दखल घ्यावी लागली. कलम १३४ सांगतं, की अपघातात कुणी जखमी झालं तर चालकानं त्याच्या उपचारांची सोय केली पाहिजे. आणि त्यालाच पुस्ती जोडलेली आहे, जमावाच्या क्षोभामुळं किंवा हाताबाहेरच्या कारणानं ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. चौकात गाडीला गाडी घासली की मिनिटाभरात वीस माणसं गोळा होतात आणि त्यातली पंधरा काही न बघता निकाल देऊन मोकळी होतात. अशा ठिकाणी आधी जो ओरडेल त्याची बाजू वरचढ ठरते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतानं यावर २००९मध्ये कायदाच केला. माफी मागितली म्हणून दिवाणी दाव्यात ती दोषाची कबुली धरता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. आपल्याकडं तसं काही होईपर्यंत निदान घरात तरी हे दोन धागे वेगळे करता येतील.

म्हणून ताई, “यांना चूक कबूल करायला कसं लावू?” हा प्रश्न मला थोडा बदलावासा वाटतो. तुम्हाला कबुली हवी आहे, की पुढच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबलेली हवी आहे? दोन्ही मिळालं तर सोन्याहून पिवळं. पण कबुलीसाठी अडून बसलात तर दुसरंही हातचं जाईल.

“अहो, चूक तुमची होती” हे तुमचं वाक्य शंभर टक्के खरं होतं आणि शंभर टक्के अवेळी होतं. त्या वेळी त्यांच्या अंगातली खळबळ उतरलेली नव्हती. मुलगा मागं बसला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्याच्या सायकलवरच्या प्रतापावरून तो बसला असावा असं दिसतं. अशा वेळी गाडीत गप्प राहणं म्हणजे माघार नाही. घरी येऊन चहा झाल्यावर, मुलगा क्लासला गेल्यावर म्हणा, “ती मला उजवीकडून येताना दिसली होती. तुम्हाला नसेल दिसली, त्या खांबाआड गेली असेल. तिथनं निघताना एकदा पुढं वाकून बघत जाऊ या का?” यात निवाडा नाही, उपाय आहे. ‘हं’ एवढंच उत्तर आलं तरी पुरे समजा.

कुणी म्हणेल, इतकं जपून बोलायचं ते बाईनंच का? प्रश्न रास्त आहे, आणि त्यांचा अहंकार जोजवत बसणं हे तुमचं काम नाही, हेही मला मान्य आहे. पण पुढच्या वेळी त्या गाडीत तुम्ही असणार आहात, तुमचं पोर असणार आहे. त्यासाठी जे लागू पडतं ते सांगते आहे.

दुसरी गोष्ट मला त्याहून जास्त कामाची वाटते, कारण ती त्यांच्याच अंगणातली आहे. ते कारखान्यात सुपरवायझर आहेत. ‘निअर मिस’ हा शब्द त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला माहीत असणार. क्रेनचा हूक कुणाच्या डोक्याजवळून गेला, मशीनचं गार्ड न लावताच कुणी स्विच दाबला, पण इजा झाली नाही, अशा हुकलेल्या अपघातांची नोंद ठेवायची, म्हणजे पुढचा खरा अपघात टळतो. आणि कुठल्याही जाणत्या सुपरवायझरला माहीत असतं, की लिहिणाऱ्याला मेमो मिळायला लागला की ती वही कोरी राहते. विमानवाल्यांना हे फार आधी कळलं. अमेरिकेत १९७६पासून ‘नासा’कडं वैमानिक आपल्या हातून झालेल्या चुका स्वतः कळवतात, त्यांची नावं गुप्त राहतात आणि मुद्दाम केलेली आगळीक नसेल तर वेळेत कळवणाऱ्याला शिक्षेतून सूटही मिळते. एखाद्या रात्री जेवताना त्यांना विचारा, “तुमच्याकडं माणसं स्वतःची चूक आपणहून सांगतात का हो? कशी काय सांगतात?” आणि ऐका. मला खात्री आहे, की दोष न देता चूक कशी बाहेर काढायची हे ते माझ्यापेक्षा नेमकं सांगतील. लगेच “मग गाडी चालवताना कुठं जातं हे सगळं?” असं म्हणायचा मोह होईल. त्या रात्री तरी म्हणू नका.

शिफ्टचंही बघा. थर्ड शिफ्ट करून आलेला माणूस सकाळी मुलाला सोडायला गाडी काढतो तेव्हा अर्धी झोप डोळ्यांत असते. झोप अपुरी असली की नजर मंदावते आणि डोकं लवकर तापतं. गळीत हंगामात तर विचारूच नका. तासगाव रोडला दोन ट्रॉल्यांचा ऊस घेऊन चाललेला ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, वर गाणी फुल आवाजात, आणि आपण त्याच्या मागं वीस मिनिटं. साधुसंताचीही शिवी निघेल. अशा दिवशी पाच मिनिटं उशिरा पोचायचं ठरवून निघालं तर घरी भांडण घेऊन यावं लागत नाही.

ज्या वाचकांनी कधी ना कधी अशीच धडक घेतली किंवा दिली आहे, त्यांच्यासाठीही थोडं. खाली उतरल्यावर आपल्या गाडीकडं बघायच्या आधी समोरच्या माणसाकडं बघा आणि “लागलं का?” एवढं विचारा. या दोन शब्दांत कसलीही कबुली नाही, विम्याची अट मोडत नाही, आणि समोरच्याचा निम्मा राग तिथंच उतरतो. कुणाला लागलं असेल तर १०८ला फोन, दवाखाना, मग पोलिसांना कळवणं. चोवीस तासांच्या आत कळवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. विमा कंपनीलाही कळवायचं. नुसता ओरखडा असेल तर फोटो काढून गाड्या बाजूला घ्या. चूक कुणाची यावर रस्त्याच्या मधोमध चर्चा नको. समोरचा अंगावर यायला लागला तर काच वर, दार बंद, ११२. आणि चूक आपली असून काही लागलं-सवरलं नाही, नुसताच कट बसला, तर एक हात वर करून मान लववायची. बघणाऱ्याला कळतं.

मुलाचं मात्र लांबणीवर टाकू नका. आधी वडील सुधारू देत, मग पोराचं बघू, असा क्रम लावलात तर पोराच्या हातात दुचाकी येईल. ते आजोबा कोण हे शेजारणीला ठाऊक असेल. त्याला त्यांच्याकडं पाठवा. जमलं तर सोबत वडिलांनाच जाऊ दे. “तुम्ही घेऊन जा त्याला, तो माझं ऐकत नाही,” असं म्हणा; हे बहुतेक घरांत खरंच असतं. तिथं उंबऱ्यात उभं राहून काय बोलायचं हे पोराला शिकवायची वेळ बापावर आली, की त्यातलं थोडं बापाच्या कानावरही पडेल. त्या स्कूटीवरच्या मुलीला मात्र शोधत फिरू नका. तुमच्या मनाला बरं वाटेल म्हणून तिला पुन्हा तो प्रसंग आठवायला लावायचं कारण नाही.

गाडीत बसणं सोडू का, असं तुम्ही विचारलंय. रुसवा म्हणून सोडू नका. चार दिवसांनी तुम्हीच पुन्हा बसाल आणि त्या रुसव्याला किंमत उरणार नाही. पण एक अट शांतपणे सांगून ठेवा, “उतरून कुणावर ओरडलात तर मी तिथंच उतरेन आणि रिक्षानं घरी येईन.” आणि वेळ आलीच तर खरंच उतरा, पर्समध्ये रिक्षाचे पैसे ठेवून. ते कधी कुणाचा पाठलाग करायला लागले, हात उगारायला लागले, किंवा हाच आवाज घरात तुमच्यावर चढायला लागला, तर मग तो गाडी चालवण्याचा प्रश्न उरत नाही. तेव्हा वाट न बघता समुपदेशकाकडं जा, आणि मला पुन्हा लिहा.

राहिलं तुमचं लायसन्स. गाडी ‘मिळाली नाही’ असं लिहिलंत. मागितलीत का कधी? रविवारी सकाळी सहाला शंभर फुटी रोड मोकळा असतो. किल्ली मागा, त्यांना शेजारी बसवा, आणि विश्रामबागपर्यंत एक फेरी मारून या. ते शेजारून सूचना करतील, त्या तुम्हाला झोंबतील. एखाद्या गल्लीतून कुणी सायकलवाला आडवा येईल आणि तुमच्याही तोंडून काहीतरी निघेल. निघालं तर तिथंच त्यांना सांगून टाका, “घाबरले हो मी.”